लिंब कडू लागला

माय, शुद्धलेखनाचं मनावर घेऊ नको. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आता मोबाईलवर एका अंगठ्यानं लिहायलेय. एक ओळ व्हईस्तोवर चुलीवरलं दूध उतू जातंय. तुला तर वाचायलाच येत नव्हतं, म्हणून चुकलं तरी तू काय धरायची नाय.

पहिलं हे सांगते की आपल्या गावात रेडिओ आलाय. डब्बा नव्हं, रेडिओ जिथून बोलतेत ती जागा. दूध डेअरी बंद पडली ना, तिच्या खोलीत हाय. आवाज घुमू नाय म्हणून भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवलेत. शेजारची चाची पहिल्यांदा बघायला आली अन् म्हणली, "अगे बेटी, ये रेडिओ है की मुर्गीखाना?" आसपासच्या वस्त्यांवर चांगला ऐकू जातो, पाचोडच्या पुढं खरखर. बाजारात मोसंबीला काय भाव लागला, विहिरीच्या मोटारीला लाईट दिवसा हाय का रातीला, नर्सबाई कधी येणार, पैठणची एसटी आज येणार का नाय, कुणाची म्हैस सुटली, सगळं आपल्याच बोलीत सांगतेत. कुणी मेलं तर मातीची वेळ पण सांगतेत. आधी काय व्हायचं, जवळच्याच गावात दिलेली लेक, तिला सांगावा पोचायचा तोवर राख झालेली असायची. आता लेकी वेळेवर येतेत. तोंड बघायला मिळतं. एवढ्या एका गोष्टीसाठी म्हातारी माणसं रेडिओ बंद करू देत नाय.

मी तिथं झाडायला जायची. मग रेडिओवरली ताई, ती संभाजीनगरहून येती, एक दिवस बाजारभाव वाचणारा पोरगा आला नाय तर तिनं मलाच बसवलं. तू म्हणायचीस ना, पाव्हणे आले की तोंडात मिठाची गुळणी धरती म्हणून. अजून तशीच हाय मी. दुकानात साखर मागायची तरी कानशिलं तापतेत. पण त्या खोलीत समोर कुणी नसतं. भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचं. तिथं मला बोलता येतं, का ते नाय समजत.

श्रावण लागायच्या आधी ताई म्हणली, "सापाचा कार्यक्रम करायचाय. तुझ्या आईचं सांगशील? डॉक्टर सांगतात ते लोक ऐकतात अन् विसरतात. घरचं माणूस बोललं की विसरत नाहीत." मी म्हणलं, अण्णांना विचारते. व्हय पण नाय अन् नाय पण नाय.

तो दिवस मला सगळा आठवतो. मी तिसरीत. पहाटेचं तू अंथरुणातून उठतीस अन् म्हणतीस, कायतरी चावलं, मुंगी का काय. दंडावर दोन बारीक ठिपके, सूज नाय, आग नाय. अण्णांनी गोधडी झटकली तर काळी, पांढऱ्या पट्ट्याची मण्यार सळसळत भिताडात गेली. शेजारचे चाचा तेव्हा टेम्पो चालवायचे. आरडा ऐकून त्यांनी टेम्पो काढून आपल्या दारात लावला. "चलो, भाभी को बिठाओ, दवाखाने." अण्णांनी कडूलिंबाचा पाला आणला. आपल्यात तसंच करतेत, इख चढलं असंल तर लिंब गोड लागतो, कडू लागला तर इख नाय. तू पाला चावलास अन् तोंड वाकडं केलंस. "कडू जहर हाय ओ!" घरातले सगळे हसले. अण्णा पण हसले. चाचा म्हणले, "फिर भी दिखा के लाते, जाने में क्या जाता?" अण्णा म्हणले, "कडू लागला ना. कशाला उगी." टेम्पो गेला. तू चहा ठेवला, भाकरी थापायला बसली. तुझ्या पापण्या खाली यायलेत, तू डोळे चोळतीस, म्हणतीस, झोप झाली नाय बघ. सगळेच म्हणले, पड जरा. भाकरी तव्यावर करपली. मी तुला हलवलं तर तुला ऐकू यायलं, पण तोंड उघडंना. परत टेम्पो आला, तुला घातलं, पण वाटंतच संपलीस. आता डॉक्टर रेडिओवर सांगतेत, मण्यार चावली की दुखत नाय, सूज येत नाय, पापण्याच आधी जड व्हतेत, अन् सरकारी दवाखान्यात लस असती. लिंब सगळ्यांनाच कडू लागतो. इख असलं तरी अन् नसलं तरी. हे गावात कुणालाच माहीत नव्हतं, माय.

सिल्लोडच्या मामाला अण्णांनी सांगितलं, गाडी मिळाली नाय. गावात पण तेच पसरलं. मामा दरसाल आम्हाला बघायला यायचा, कपडे आणायचा, अन् चाचांच्या दारावरून जाताना मान फिरवायचा. शेजारी असून गाडी दिली नाय म्हणून. चाचांनी कधी तोंड उघडलं नाय.

अण्णांना रेडिओचं सांगितलं तर ते म्हणले, "घरातलं घरात. मेलेल्या माणसाचा तमाशा करायचा नाय." पण त्याच श्रावणात पलीकडच्या वस्तीवर एका नव्या लगीन झालेल्या पोराला साप चावला. मारुतीच्या पारावर बसवून लिंब चारला. त्यालाही कडू लागला. अण्णा त्याच्या मातीला गेले, आले, अन् आंघोळ न करता तसेच बाहेर दगडावर बसले. भाकरी नको म्हणले.

दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी मोबाईलचं रेकॉर्डिंग लावून हळूच म्हणून बघत व्हते. अण्णांना ऐकू जाणार नाय असं वाटलं. "माझ्या आईला मण्यार चावली. गाडी मिळाली नाय, म्हणून ती गेली." खोटं सांगत नव्हते मी, तसंच म्हणायची सवय लागली व्हती. अण्णा बाहेर कडबा तोडत व्हते. कोयता थांबला.

"तसं नको सांगू."

"मग कसं?"

"तसं सांगितलं तर लोक गाडी हुडकत बसतील. त्यांना वाटंल, गाडी असली की माणूस वाचतं." आत आले, उकिडवे बसले, मोबाईल माझ्या हातातून घेतला. उलटा धरला व्हता, मी सरळ करून दिला. "चालू हाय का?"

"व्हय."

"गाडी दारात व्हती," अण्णा म्हणले. "मी परत धाडली. लिंब कडू लागला म्हणून मी परत धाडली." मग मला म्हणले, "बास. बाकीचं तू सांग." अन् परत कडबा तोडायला गेले.

ताईनं त्यांना दोनदा विचारलं, हे नक्की लावू का. अण्णा म्हणले, लावा. लागलं. कुणाचंच नाव घेतलं नव्हतं, पण गावाला काय नाव लागतंय? पिंपळाखाली अण्णा बसले की लोक उठायला लागले. कुणीतरी ते मोबाईलवर सिल्लोडला धाडलं. मामा आला. आमच्या दारात नाय आला, आधी चाचांकडं गेला. चाचांना आता धड दिसत नाय, टेम्पो कधीच विकला. मामा म्हणला, "चाचा, इतकी वर्षं मी तुमाला शिव्या दिल्या." चाचा म्हणले, "मालूम है. बैठो. पहले पानी पियो." मामा तिथं पाणी प्याला, भिंतीकडं तोंड करून रडला. अण्णा ओट्यावर तांब्या घेऊन उभे. मामा आमच्या समोरून गेला, एसटीत बसला. तांब्यातलं पाणी अण्णांनी तुळशीत ओतलं. तेव्हापासून मामा आला नाय, धाकटा भाऊ विचारत राहतो, मामा कधी यायचा.

मी चाचीला विचारलं, चाचा कामून बोलले नाय? चाची भाजी निवडत व्हती. "माँ मर गई थी तुमारी. मामा भी टूटता तो तुम दोनों को कौन पूछता? तेरे चाचा को लोगों ने बुरा बोला, तो क्या, रोटी कड़वी हुई क्या हमारी?"

मग कापूस वेचायच्या दिवसात एका बाईला साप चावला. तिची सासू शेतातूनच ओरडली म्हणे, लिंब नको, रेडिओवर सांगितलंय, गाडी काढा. ती वाचली. दवाखान्यात श्वासासाठी घशात नळी घातल्यानं आवाज बसलाय तिचा. मेथीची जुडी घेऊन रेडिओत आली, खुर्चीवर बसली, जुडी माझ्या हातात दिली अन् गेली. घरी येऊन अण्णांना सांगितलं. "बरं झालं," म्हणले अन् बैलाला पाणी दाखवायला गेले. लोक अजून त्यांच्याजवळून उठतेत. कमी, पण उठतेत.

हे मी कुणाला धाडणार नाय, धाडायचं तरी कुठं. फक्त एक सांगायचं राहिलं, ते ताईला पण सांगितलं नाय. तो कार्यक्रम परत लागला तेव्हा मी एकटीच ऐकत व्हते. तू मरायलीस, भाकरी करपायली, अन् मी ऐकत व्हते ते माझा आवाज कसा येतोय ते. बरा येतोय असं वाटलं. लई बरं वाटलं, माय, त्या दिवशी.

थांब, बाहेर सगळे पळायलेत. उसाची ट्रॉली उलटलीय वळणावर. कुणी दबलं नाय म्हणतेत. जाते, रेडिओवर सांगायला पाहिजे.