काकूंना डिसओब्लाइज केलं

सर, परवा काकू माझ्या ऑफिसात आल्या होत्या. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या घरचं कुणी दिसलं की मी अजून आधी शर्टाची बटणं तपासतो. मी आता साखर कारखान्याच्या शेतकी विभागात आहे. कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची, ते माझ्या टेबलावर ठरतं. ज्याची लागण, म्हणजे लावणी, आधी त्याची तोड आधी, इतका साधा कारभार. पण हंगाम लागला की माझे पाव्हणे लई वाढतात. ढोकीच्या रस्त्यावर चहाला थांबावं, तर कुणीतरी माझा चहा आधीच सांगून ठेवलेला असतो. मी सगळ्यांना 'बघतो की' म्हणतो. आपल्याकडं 'बघतो की' म्हणजे नाही, हे गावाला कळतं. ज्याचं काम अडलंय, त्याला तेवढं कळत नाही.

तुम्हाला हे कधी जमलं नाही. मी नववीत होतो. धाराशिवच्या वक्तृत्व स्पर्धेला तुम्ही वर्गातल्या एका मुलीला निवडलं होतं, आणि आमचे वडील, दादा, माझी शिफारस घेऊन शाळेत आले होते. अजून दिसतं मला. दादा टोपी हातात धरून उभे आहेत, तुम्ही खडूचे हात झटकताय आणि म्हणताय, "दादा, मला तुम्हाला डिसओब्लाइज करावं लागतंय." दादा माझ्याकडं बघतात. मी फळ्याकडं. मग तुम्ही आम्हा दोघांना फाटकाबाहेर उभ्या उसाच्या ट्रॉलीपाशी नेता, वाढ्यानं, उसाच्या हिरव्या शेंड्यानं, बांधलेल्या एका मोळीवर हात ठेवता. लॅटिनमध्ये 'लिगारे' म्हणजे बांधणं. त्यातून ओब्लाइज आला, उपकारानं बांधून घेणं. पुढं फ्रेंचांनी त्याला 'डेस' जोडलं, इंग्रजीत आला तो डिसओब्लाइज होऊन. मागितलेलं काम न करणं, समोरच्याला नाराज करणं. "गाठ सोडली की ऊस पसरणार, माणूस रुसणार," तुम्ही म्हणालात, "पण दोघंही मोकळे राहतात."

दादा म्हणाले, "सर, नुसतं बघतो म्हणला असता तरी चाललं असतं."

"मग तुम्ही चार दिवस इस्त्रीचा सदरा घालून निरोपाची वाट बघत बसला असता."

दादा खळखळून हसले. घरी येऊन आईला म्हणाले, "नाही म्हणला, पण माणूस चांगलाय."

तर परवा काकू. नातीचं लग्न ठरलंय, मांडव घराशेजारच्या रानात घालायचाय आणि रानात डोक्याएवढा ऊस उभा. "तोड जरा आधी दे बाबा. वऱ्हाड काय उसात बसवू?" त्यांना आधी तोड द्यायची, तर आधी लागण केलेल्या दुसऱ्या कुणाला तरी मागं सारावं लागतं, आणि तो माणूस माझ्यासाठी कधी चहा सांगून बसलेला नसतो. पण परीक्षेच्या दिवसांत मी तुमच्या घरी अभ्यासाला यायचो, तेव्हा ह्याच काकूंनी मला गरम भाकरी वाढली होती. नाही म्हणायला तोंड कुठून आणू? शेवटी पुटपुटलो, "बघतो की, काकू."

काकूंनी चष्मा काढला. "ते बघतो-बिघतो आमच्या घरात चालत नव्हतं. सरळ सांग."

मग म्हणालो, "नाही जमणार, काकू. तुमचा नंबर महिन्यानं आहे."

"मग मला डिसओब्लाइज केलंस म्हण की." आणि त्या हसल्या, अगदी मोकळ्या. चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि लग्न शाळेच्या मैदानावर करायचं तिथंच ठरवून टाकलं. जाताना दारात म्हणाल्या, "सर असते तर खूश झाले असते." मला लई बरं वाटलं, सर. त्या दिवशी आणखी तिघांना सरळ नाही म्हणालो. एक रुसला, दोघं जेवायला बोलावून गेले.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. काकूंनी एकदाच मागितलं. दुसऱ्यांदा मागितलं असतं, तर मी हो म्हणालो असतो. आणि ते त्यांना ठाऊक होतं.