दोन गाड्या, एक स्वार

स्कार्पेरिया, ९ ऑक्टोबर

प्रिय एर्मेस,

त्रिएस्तेत वारा सुटला असेल. बहिणीकडे जमतंय ना? खुब्याचं दुखणं कसं आहे? फोनवर हल्ली तू हवेबद्दलच बोलतोस, मीही तेवढंच बोलतो. म्हणून हे पत्र.

तू सोडल्यापासून बंद असलेली तुलना मासिकानं पुन्हा सुरू केली आणि परवा दोन मोटारसायकली पाठवल्या. तांबडी डुकाटी आणि काळी एप्रिलिया. दोन्ही दोन सिलिंडरच्या, रस्त्यावरही चालवाव्यात आणि ट्रॅकवरही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच गाड्या दोन आणि चालवणारा एक. आपण फुता घाट एकदाच चढायचो, माथ्यावर किल्ल्या बदलायचो आणि उतरायचो. या वेळी सकाळी तांबडी घेऊन गेलो, परत आलो आणि दुपारी तोच घाट काळीवर. मागच्या वळणावर तू किती आडवा झालास हे आरशात बघायची डोळ्यांची सवय अजून गेलेली नाही. नुसता रिकामा रस्ता दिसतो.

खानावळीत इल्व्हानं बटाट्याचे तोर्तेल्ली वाढता वाढता विचारलं, "आज एकटेच? तुमचा तो भांडकुदळ कुठाय?" म्हटलं, त्रिएस्तेला, बहिणीकडे. "मग आज जेवण शांततेत होणार म्हणायचं!" ती हसली. झालंही शांततेत. अर्धं ताटात राहिलं.

तुला गाड्यांचं ऐकायचं असणार. घाटात एप्रिलिया सोपी. हलकी, बसायला ऐसपैस, मनगटांवर भार कमी. दिवसभर चालवली तरी माणूस माणसात राहतो. डुकाटीवर पुढे झुकून बसावं लागतं. गावातल्या दगडी गल्लीत ती जणू विचारते, मला इथे कशाला आणलंस? पण मुजेल्लोच्या ट्रॅकवर लांब सरळ पट्टा संपताना ब्रेक दाबला की ती जमिनीला अशी धरून बसते की बास! वळणात शिरताना तांबडी धीर देते, वळणाच्या मधोमध काळी. मी काळी निवडली. तू तांबडी निवडली असतीस आणि मला पेन्शनर म्हणाला असतास.

लेखाच्या शेवटी चौकटीत ‘एर्मेसचं मत’ असतं, त्याचं काय करायचं, म्हणून मी आपल्या संपादिकेला, दोनातेल्लाला विचारलं. ती म्हणाली, "तूच लिही की! एवढी वर्षं ऐकतोयस त्याचं. कुणाला कळतंय?" बसलो लिहायला. तुझ्या नावाखाली एक ओळ उमटेना. कारण तुझ्या नावावर एक खोटं मी आधीच दीड वर्ष चालवतोय.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मुजेल्लोला, पट्टा संपल्यावरच्या त्या पहिल्याच वळणावर तू पडलास. तुला त्यातलं काही आठवत नाही. आपल्या दोघांच्या मागे कुणी नव्हतं, कॅमेराही नव्हता. शुद्धीवर आल्यावर तू म्हणालास, "हात म्हातारे झाले रे, ब्रेक उशिरा दाबला." सगळ्यांनी तेच खरं धरलं. मी तुझ्या उशाशी बसून म्हणालो, "होतं असं." एर्मेस, तू ब्रेक वेळेवर दाबला होतास. उशिरा दाबला तो मी. त्या दिवशी सकाळपासून तू माझ्यापेक्षा वेगात होतास आणि ते मला सोसवलं नाही. मी आतून घुसलो, माझं चाक तुझ्या चाकाला लागलं. मी सावरलो, तू गेलास. नंतर तू चामड्याचा सूट विकलास, लायसन्स परत केलंस, तरी मी गप्प. आज सकाळी दोनातेल्लाला सगळं सांगितलं. तिनं मला कामावरून काढलं, बरोबरच केलं. माफ कर म्हणायला हे लिहीत नाहीये, तेवढं तोंड मला नाही. पण तिथे खिडकीशी बसून तू आपल्या हातांना दोष देत असशील, तर तो आता देऊ नकोस. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

अजूनही तुझाच, तुला चालत असेल तर,
नेव्हियो