पाकिटांची पिशवी

९ फेब्रु.

निखिलचं रिसेप्शन पार पडलं. सकाळी चहा घेता घेता खरा हिशोब केला. गिऱ्हाइकाला मी जे ताट साडेसहाशेला लावतो ते मला चारशे वीसला पडलं. नासाडी, तुटफूट, लॉनवाल्याच्या पोरांची बक्षिशी धरून चारशे साठ. पोराच्या लग्नात स्वतःच स्वतःचं गिऱ्हाईक होऊन पाहिलं. भाव वाईट नाही.

कोराडी रोडचं लॉन गच्च. पाणीपुरीवर बायकांची दोनदा बाचाबाची. एका साहेबांनी पहिल्याच फेरीत भात, त्यावर पनीर, त्यावर जिलबी असा डोंगर रचला अन् अर्धा टबात ओतला. मी बाजूलाच. बोललो नाही, काल यजमान होतो. एरवी हसत हसत ऐकवलं असतं, साहेब, पळून नाही चाललं ते.

स्टेजवर होतो तरी कान काउंटरवर. डाव भांड्याच्या तळाला लागला की आवाज बदलतो. वडाभात संपत आलाय हे मी फोटोला उभा असताना ऐकलं, गजूला खूण केली. गजू माझा सुपरवायझर, इतकी वर्षं सोबत आहे तरी म्हणतो, भाऊ, तुमचे कान आहेत का मशीन आहे.

अकराला काउंटर उचलले. माझा नियम, घरच्या कार्यातही मोडला नाही. बाराशेच्या वर माणूस, एक जीव उपाशी गेला नाही. नागपुरात कोण काय खातो, कोणाला काय चालत नाही, सगळं तोंडपाठ. वकीलसाहेब कांदा खात नाहीत हे त्यांच्या बायकोआधी मला आठवतं.

आहेराच्या पाकिटांची पिशवी ताईकडे दिली होती. माझी मोठी बहीण, खाप्याला दिलेली. दुसऱ्या कोणाच्या मांडीवर ठेवली नसती. त्यामुळे डोक्याला ताप नाही.

ताई जाताना भेटली नाही तेवढं. तिला दिलेली साडी खुर्चीवर तशीच. घाईत राहिली असेल.

१२ फेब्रु.

ताईचा फोन लागत नाही. म्हणजे लागतो, उचलत नाही.

सौ. म्हणते, साडी विहिणीच्या साडीपेक्षा हलकी वाटली असेल. मी म्हटलं, ताई तशी नाही. "मंग तुम्हीच ओळखा तुमच्या बहिणीले, मले काहून विचारता?"

नवा जोडा घरोघरी जेवायला जातोय. निखिलच्या मामाकडचं झालं, मावशीकडचं उद्या. पहिलं बोलावणं खरं तर आत्याचं. ताईनं तर पोरगी ठरायच्या आधीपासून सांगून ठेवलेलं, जोडा पहिले माझ्या घरी येईल, मग कुठं जायचं तिथं जा. अजून शब्द नाही. सून आज विचारत होती, आत्याबाईंचं काही बिनसलं का. नवी आहे, पण तिलाही कळलं.

१५ फेब्रु., रवि.

प्रमोद आला होता. ताईचा मुलगा, बुटीबोरीला कंपनीत. सुटीला खाप्याला जाताना डोकावतो, दोन कप चहा पिऊन जातो. आज दारातूनच निघाला होता. धरून बसवला, खोदून विचारलं.

त्या रात्री परतताना पाटणसावंगीजवळ ताईनं गाडी थांबवायला लावली. टपरीवाला आवरत होता. त्याच्याकडून चहा घेतला अन् ग्लुकोजच्या बिस्किटांचे दोन पुडे. रिसेप्शनची जरीची साडी, उभ्या उभ्या. प्रमोद थट्टेनं म्हणाला, माय, एवढं जेवून पुन्हा भूक? तेव्हा त्याला कळलं.

"मले वाटलं मामा, माय बायांसंग जेवली. मी पोरायसंग घेऊन टाकलं."

मी त्याला काहीतरी सांगायला लागलो होतो, की काउंटर तर अकरापर्यंत…

१६ फेब्रु.

सगळं जुळवून पाहिलं. सौ.ला विचारलं, तिच्या बहिणींना विचारलं. ताई पिशवी मांडीवर घेऊन बसली. बसलेली दिसली म्हणून बायकांनी शेजारच्या खुर्च्यांवर पर्स ठेवल्या, शाली ठेवल्या. ताई, जरा पाहाल का, आम्ही ताट घेऊन येतो. कोणी झोपलेलं लेकरूही ठेवलं. त्या आल्या, तिच्यासमोर जेवल्या, आइस्क्रीमला पुन्हा गेल्या. निवांत बसलीय म्हणजे हिचं आधीच झालं, असं प्रत्येकीला वाटलं. मलाही.

पंगतीत असं होत नाही. मी वाढपी म्हणून सुरुवात केली. रिकामं पान लांबून दिसायचं, वाढणाऱ्याला शरम वाटायची. बुफेत उपाशी माणूस अन् जेवलेला माणूस सारखेच दिसतात, दोघांच्याही हातात काही नसतं.

सौ.चं म्हणणं, बुफे आहे, हातानं घ्यायचं असते, तिले तोंड नव्हतं का सांगायला. चुकीचं नाही ते. पण आत्या ती. मांडवातली घरची बाई पाहुण्यांआधी ताट उचलत नाही, आणि माझे पाहुणे अकरापर्यंत खातच होते.

दुसरी गोष्ट सौ.ला सांगितली नाही. पिशवी घ्यायला मीच गेलो होतो. ताई म्हणाली, "जेवला का गा तू?"

म्हटलं, हो, झालं.

झालं होतंच, किचनमध्ये उभ्यानं चाखता चाखता. पिशवी घेतली अन् निघालो. कोणी जेवलास का विचारलं तर आपण उलट विचारतो. पानठेल्यावरचा अनोळखी माणूसही विचारतो. तसाच पुढं जाऊन गजूला हात केला, उचला.

ऐकू आलं नाही असंही म्हणता येत नाही. नीट ऐकलं होतं.

१९ फेब्रु.

मानेवाड्याला साखरपुड्याचं काम. गजूला सांगितलं, काउंटर उचलायच्या आधी एक चक्कर मार, बसलेल्या एकेकाला विचार, जेवलात का.

फजिती झाली. एक काका भडकले, "काहून, दोनदा घेतलं ते मोजून राहिले का तुम्ही?" एक पाच माणसांचं कुटुंब जेवून बसलं होतं. एवढा आग्रह करताहेत तर नाही कसं म्हणावं म्हणून पुन्हा उठलं. यजमान मला बाजूला घेऊन म्हणाले, तुमचा माणूस असं काय विचारत फिरतोय, आमची इज्जत जाते. त्यांना थंड केलं. पुढच्या कामाला पापड माझ्याकडून, असं सांगून हसवलं.

पण एक सापडली. कोपऱ्यात, तीन पर्स, दोन स्वेटर अन् एक लेकरू सांभाळत बसलेली काकू. तिचं नव्हतं झालं. गजूनं ताट वाढून हातात नेऊन दिलं. ती लाजली, आधी नकोच म्हणाली.

म्हणजे प्रत्येक कामात एखादी असेल. इतके हंगाम केले, आज पहिल्यांदा पाहिलं.

२२ फेब्रु., रवि.

खाप्याला जाऊन आलो. साडी घेऊन, एकटाच. सौ. येते म्हणाली, मी नको म्हटलं.

ताई ओसरीत हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. मला पाहून उठली. "या जी. बसा."

जन्मात तिनं मला जी लावलं नाही. दगड मारलाय, चिमटे काढलेत, दहावी नापास झालो तेव्हा सगळ्या गल्लीत सांगत फिरली. जी कधी नाही.

पाणी दिलं, चहा दिला. मी म्हटलं, ताई, चुकलं माझं. म्हणाली, तुमच्या इथं काय कमी होतं जी, नाव ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं, तू आवाज द्यायचा होता, हजार माणसांत उठून माझ्या कानाखाली मारायची होती. हसली नाही. घाटे सोलत राहिली. मग मान वर न करता बोलली.

"भुकेचं काही नाही. भूक चहावर जाते. तुवा पिशवीची गाठ चाचपून पाहिली. माह्याकडे पाहिलं नाही."

गाठ पाहिली होती? असेल. सवय आहे, गिऱ्हाइकाकडून घेतलेली प्रत्येक पिशवी… पण ती गिऱ्हाईक नव्हती. तेवढ्या एका बोलण्यात ती 'तू'वर आली होती. मी काही उत्तर देईपर्यंत पुन्हा 'तुम्ही'.

निघताना म्हणाली, जेवून जाता का. मी रीतीप्रमाणं म्हटलं, नको, उशीर होईल. आता ती पुन्हा म्हणेल, मी पुन्हा नको म्हणेन, मग तिसऱ्यांदा ती ओरडेल अन् मी पाटावर बसेन. आमच्याकडे असंच असतं.

ती म्हणाली, "बरं." कप उचलून आत गेली.

साडी ठेवून घेतली. जोड्याला बोलावण्याचं तिनं काढलं नाही, मी कोणत्या तोंडानं काढू. गाडीत बसल्यावर भूक लागली. टपरी आली, थांबलो नाही.

२६ फेब्रु.

कामं दोन, दोन्ही ठीक. नासाडीची पाटी नवी करून घेतली. 'हवं तेवढं घ्या, घेतलेलं संपवा.' गजू म्हणतो, भाऊ, खाली अजून एक ओळ टाका. काय? तर 'पर्स सोबत न्या.' चेष्टेत म्हणाला. मी हो म्हटलं.

ताईला फोन केला. उचलला. सर्दी आहे म्हणाली. तुम्ही कसे आहात.

१ मार्च

सौ.नंच सुचवलं. भांडते, पण मनानं वाईट नाही. म्हणाली, माफी तोंडानं मागून झाली, आता हातानं मागा. धुळवड आलीच आहे.

बरोबर. धुळवडीचं मटण मी स्वतः करणार, गजूला हात लावू देणार नाही. होळीला प्रमोद घरी जातोय, वाटेत माझ्याकडून भांडं घेऊन जाईल.

लहानपणी धुळवडीला बाप अर्धा किलो आणायचा. नळी एकच, खाणारे आम्ही दोघं. ताई ती पळवायची, न्हाणीच्या दगडावर आपटून आतलं ओढून घ्यायची अन् रिकामी नळी माझ्या हातात द्यायची. घे, शिट्टी वाजव. मी रडायचो.

४ मार्च, धुळवड

पहाटेच कसायाकडे. नळीचे तुकडे निवडून घेतले, तो कुरकुरला. मसाला पाट्यावर वाटला, खांदा भरून आला. खोबरं, खसखस, वरून झणझणीत तर्री, आमच्या मायच्या हातची असायची तशी. सौ.नं चाखून मान हलवली, म्हणजे जमलं. एका नळीलाही घरात कोणाला हात लावू दिला नाही. निखिल म्हणाला, बाबा, आमचं काय. म्हटलं, तुझी आत्या बोलावेल तेव्हा तिच्याकडे खा.

प्रमोद अकराला भांडं घेऊन गेला. झाकण फडक्यानं बांधून दिलं.

दिवसभर फोन हाताशी. रंग खेळायलाही उतरलो नाही.

५ मार्च

शेवटी मीच लावला. ताईला नाही, प्रमोदला. पोचलं का, सांडलं तर नाही ना, असं इकडचं तिकडचं. मग विचारलं, ताईनं खाल्लं का.

"आम्ही खाल्लं मामा. पोरायनं बोटं चाटली. मायनं पोळ्या करून वाढलं सगळ्यायले."

अन् ती?

"माय मटन नाही खात ना."

कधीपासून, विचारलं.

"बाबा गेले तेव्हापासून."

भाऊजींना जाऊन अकरा वर्षं झाली.