तिसऱ्या गाडीचा आवाज

राजापेठ, अमरावती
ता. १२ नोव्हेंबर १९६३

चि. शालूस,
बापाचा जय भीम आणि आशीर्वाद. विहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे? जावईबापूंना जय भीम सांग. तुझी आई ठणठणीत आहे. बोलणं तेवढं कमी झालं आहे तिचं.

तिसरी गाडी झाली. पहिली तुला आठवत असेल. लिलावातल्या मोडक्या मोटारीची चासी, तिच्यावर बैलगाड्या करणाऱ्या नत्थुजींचा बाभळीचा सांगाडा. लाकूड ओलं होतं. वैशाखात ते पिळलं अन् दरवाजे उघडेनात. दुसरीचा पत्रा ठोकताना खाली वाळूऐवजी सरकीचं पोतं घेतलं. वाळूवर पत्रा रुसतो, सरकीवर वळतो. पण ती नाकानं जड, वळणावर मागचं चाक उचलायची. म्हणून या तिसरीत इंजिन वीतभर मागं घेतलं, बैठक पार खाली नेली. दोनच माणसं, वर टप नाही.

येत्या रविवारी मोर्शीचे एक संत्र्यांचे व्यापारी ती चालवून पाहणार आहेत. पसंत पडली तर दोन करून मागतील. मग लोक याला जानरावाचं खूळ म्हणणार नाहीत, कारखाना म्हणतील.

सायलेन्सरही मीच केला. इतका मऊ की विचारू नको. तुझ्या आईला म्हटलं, ऐक बरं, काही ऐकू येतं का? ती कानाजवळ येऊन ओरडली, "अवो, साऱ्या राजापेठेची झोप मोडली, अन् तुमी मले विचारून राहिले?" मला वाटलं, थट्टा करते.

मधेच उठून गाडीजवळ जाऊन आलो. बसवत नाही.

परवा बडनेऱ्यापर्यंत नेली होती. परतताना जोर सोडू लागली, पायाला चटका लागला. खोलून पाहिलं तर एक बेअरिंग पार घासून गेलेलं. असं बेअरिंग जाताना इंजिन लोहाराच्या घणासारखं ठोकतं, शालू. कोसभर तरी ठोकलं असेल. रस्त्यावरच्या बैलांनी ऐकलं असेल. मी आपला मजेत बसलो होतो.

आयुष्यभर पत्रा ठोकला की असं होतं म्हणतात. मी इंजिन शिकलो ते कोणत्या शाळेत नाही, कानानं.

नवं बेअरिंग घातलं आहे. आता व्हॉल्व्ह लावायचे. पेचकस इंजिनावर टेकवून दांडा कानाला लावायची आपली रीत. हल्ली मी दांडा दातात धरतो. थरथर कळते, खोट कोणत्या सिलिंडरात आहे, ते कळत नाही. तू परकर नेसून यायचीस अन् कान लावून सांगायचीस, "बाबा, तिसरा कुरकुरून राहिला." कधी चुकली नाहीस.

शनिवारी ये. इंजिन लावून दे अन् रविवारी त्या व्यापाऱ्यांसमोर उभी राहा. इंजिन माझ्या लेकीनं लावलं, हे मी त्यांना सांगणार. कानाचं सांगायचं की नाही, ते अजून ठरत नाही. तुझी आई विचारते, तिलाही मी अजून होय म्हटलेलं नाही.

विहीणबाईंना आई आजारी आहे असं सांगू नको. बापानं कामाला बोलावलं, असंच सांग.

येणार की नाही ते कार्डावर लिही. कोणाजवळ तोंडी निरोप देऊ नको. अक्षर मोठं काढायची गरज नाही. डोळे शाबूत आहेत.

तुझा बाप,
जानराव