बारा भागांतले बाबा

३ मार्च
बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले. आज दुकान उघडलं. शिलाई मशीनची दुरुस्ती बाबांच्या हातांनी चालायची, आता माझ्या डोक्याने चालेल. लोक फोनवर ‘जवळचा शिलाई मशीन रिपेअरवाला’ शोधतात. तिथे आपलं नाव पहिलं हवं. वेबसाइट जानेवारीत केलेलीच आहे. आता शहरातल्या प्रत्येक भागासाठी वेगळं पान करायचं.

५ मार्च
व्हिडिओत सांगतात, प्रत्येक पानावर त्या भागाबद्दल खरं काहीतरी लिहा. बाबा सायकलवरून बाराही भाग फिरायचे. कुठल्या घरी कुठलं मशीन, त्यांना तोंडपाठ. मी कधी विचारलं नाही. आईला विचारलं तर ती रडेल. (खरं म्हणजे मी.) तूर्तास मजकूर एकच ठेवतो. तात्पुरता.

६ मार्च, सकाळी ११
आमच्या भागाचं, जुन्या बाजाराचं, पान कॉपी केलं. एक बटण दाबलं की ‘जुना बाजार’ असेल तिथे ‘कालवा रोड’. मग टेकडी. मग स्टेशनमागे. दहा मिनिटांत बारा पानं! बाबांना बारा भाग फिरायला आठवडा लागायचा. ताईने फोनवर विचारलं, वाचून तरी पाहिलंस का? म्हटलं, कॉम्प्युटर करतो ते, चूक कसली?

११ मार्च
कालवा रोडवरून शोधलं की आपण तिसऱ्या नंबरवर. बाबा असते तर.

१४ मार्च
फोन येतायत, पण मशीनसाठी नाही. कालवा रोडच्या शिवणवाल्या मावशी रागावल्या होत्या. अरे, बाबा आमच्याच रोडवर राहायचे आणि आम्हाला सांगितलंसुद्धा नाही? भेटायला म्हणून त्या तासभर घर शोधत होत्या. शेवटी टायरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, इथे कोणी गेलेलं नाही. मी म्हटलं, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे.

संध्याकाळी
पान वाचलं. तळाशी मीच लिहिलेलं निवेदन: ‘आमच्या संस्थापकांचे कालवा रोड येथील राहत्या घरी निधन झाले. अखेरच्या क्षणी मुलगा उशाशी होता.’ टेकडीवरही राहत्या घरी. स्टेशनमागेही. बाबा बारा ठिकाणी गेले. बाराही ठिकाणी मी उशाशी.

१५ मार्च
संकल्प: आईला कळता कामा नये.
दुपारी मावशी थेट आईकडेच आल्या. त्या गेल्यावर आईने चष्मा लावला, माझा फोन घेतला आणि बाराही पानं वाचली. मग म्हणाली, एकदा गेले तेवढं पुरे नव्हतं का रे?
मी म्हटलं, अकरा पानं लगेच काढतो. आपल्या भागाचं तेवढं ठेवतो, ते तर खरं आहे.
आई म्हणाली, ते पण नीट वाच.

१६ मार्च
वाचलं. जुना बाजार: बरोबर. राहत्या घरी: बरोबर.
त्या सकाळी बाबांनी मला दोनदा हाक मारली होती. मी आतल्या खोलीत वेबसाइटचा रंग निवडत होतो. दोन्ही वेळा ‘आलोच’ म्हणालो. तिसरी हाक आईची होती.
‘उशाशी’चं वाक्य काढून टाकलं. तिथे दुसरं काही सुचलं नाही.
आतल्या खोलीतल्या माझ्या खुर्चीपासून बाबांच्या खाटेपर्यंत आज चालून पाहिलं. नऊ पावलं.