काचेचं अस्तर

४ मार्च, मंगळवार

पुन्हा कमी! धाकट्या भावाच्या रक्तात किडनी टिकवायचं औषध हवं त्याच्या निम्मंसुद्धा नाही. क्रिएटिनिन मात्र वर. म्हणजे माझी किडनी त्याच्या पोटात कुरकुरायला लागली. (देऊन दीड वर्ष झालं, तरी 'माझी' म्हणायची सवय जात नाही.)

डॉक्टर फोनवर म्हणाले, "गोळ्या नीट घेतो ना तो? नक्की?" माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, घेतो! गजर वाजला की हातातलं ताट ठेवून आत जातो, पाण्याचा पेला घेऊन. रोज बघते मी. एकदा मरणाच्या दारातून परत आलेला माणूस गोळी चुकवेल?

कुठंतरी पाणी मुरतंय. पण ते आमच्या घरात नाही.

५ मार्च

प्लेट! दुसरं काही असूच शकत नाही.

जानेवारीपासून प्रयोगशाळेत नव्या प्लास्टिकच्या प्लेटा आल्यात. रक्तातलं औषध द्रावणात उतरवायचं, ते प्लेटच्या खळग्यांत भरायचं, मग यंत्राची सुई एकेका खळग्यातून थेंब उचलून मोजत जाते. शेवटच्या खळग्याची पाळी यायला अख्खी दुपार जाते. आणि हे औषध महाचिकट. तोवर प्लास्टिकच्या भिंतीला लागून बसतं. भिंतीला गेलं ते सुईला मिळत नाही, आकडा खाली येतो.

मॅडमना सांगितलं. त्या विभागप्रमुख, त्यांना शांतता प्रिय. "अगं, पण आपले तपासणीचे नमुने बरोबर येतायत की." अहो, येणारच! ज्यांत किती औषध आहे ते आधीच माहीत असतं, ते नमुने आपण कायम पहिल्या रांगेत लावतो. सुई त्यांच्याकडे लगेच पोचते. पेशंट मागच्या रांगांत ताटकळत बसतात.

मॅडमनी प्लेट उचलून शेवटची रांग बघितली. मग म्हणाल्या, "बरं. काचेचं अस्तर असलेल्या प्लेटा मागव. तूच निवड. पण तुझ्या भावाचा नमुना तू हाताळायचा नाहीस, तो रेडिओकडे." रेडिओ म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. सकाळी लागतो तो संध्याकाळी बंद होतो.

६ मार्च

डॉक्टर त्याला दाखल करून डोस चढवायच्या बेतात होते. मी धावत त्यांच्या खोलीत. म्हटलं, आकडा खोटा असेल तर त्याच्या अंगात आधीच भरपूर औषध आहे, आणखी दिलंत तर त्यानंच किडनी जाईल!

"आणि आकडा खरा असेल तर?"

आकडा खरा असेल तर शरीर किडनी नाकारतंय आणि एकेक दिवस महत्त्वाचा आहे. हे मला कळत नाही का? पण मी म्हटलं, मी रोज तेच काम करते, माझ्यावर विश्वास ठेवा. त्यांनी दाखल करायचा कागद बाजूला सरकवला. "आठ दिवस. तुमच्या शब्दावर."

७ मार्च

पहिली प्लेट. दिसायला देखणी, प्रत्येक खळग्यात पातळ काचेची नळी. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली आणि आतून बांगड्या फुटाव्यात तसा आवाज! निम्म्या नळ्यांचा चुरा. नशीब, नुसतं पाणी भरलं होतं.

८ मार्च

सेंट्रिफ्यूज अजून पुसतेच आहे. बोटात काच गेली.

१० मार्च, सोमवार

धाकट्याचं सलून आज बंद. मी आल्या आल्या म्हणाला, "ताई, किती वाढलेत केस! बस इथं." स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, गळ्याला चादर बांधली आणि कापायला लागला.

मागच्या पावसाळ्यात याचे हात गोळ्यांनी असे थरथरायचे की एक गिऱ्हाईक अर्धी दाढी तशीच ठेवून उठून गेलं. त्या रात्री जेवला नाही. वस्तरा पुसून पेटीत ठेवून दिला आणि नुसता बसून राहिला. "मी आता काय करू, ताई?" मी म्हटलं, सवय होईल रे शरीराला. जीव वाचलाय हे काय थोडं झालं? त्यानं पेटीचं झाकण लावलं.

आणि आज! मानेवर वस्तरा फिरवला, हात दगडासारखा स्थिर. गिऱ्हाइकं परत यायला लागलीत म्हणाला. शीळ घालत होता. किती दिवसांनी! आई दारात उभी राहून बघत होती, डोळे पुसत होती. सवय झाली शेवटी. मी सांगत नव्हते?

त्याच्या पायांवर सूज दिसली. डॉक्टरांना कळवलं नाही. चारच दिवस राहिलेत.

१२ मार्च

दुसऱ्या प्लेटचे खळगे तोंडाशी अरुंद. सुई काठावर आपटली आणि वाकली. रेडिओनं तासभर सुईचं श्राद्ध घातलं. मॅडमनी कपाटातून नवी सुई काढून दिली. तिसरी नाही चालली तर मी तोंडघशी पडणार, आणि मी पडले तर पडू दे, त्याचं काय?

१३ मार्च

चालली! काच जाड, तळाशी निमुळती, खळग्यात घट्ट बसलेली. फुटली नाही, सुईला लागली नाही. तेच तपासणीचे नमुने अर्धे प्लास्टिकमध्ये, अर्धे काचेत लावले, या वेळी मुद्दाम शेवटच्या रांगेत. प्लास्टिकमध्ये एक तृतीयांश औषध गायब. काचेत सगळं जागच्या जागी!

मॅडमनी खांद्यावर हात ठेवला. "बरोबर होतीस." घरी येऊन आईला सांगितलं, प्लेट खोटं बोलत होती, तो नाही. धाकटा जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, कशाला एवढं करतेस माझ्यासाठी?" वेडा कुठला.

उद्या खरे पेशंट काचेत. त्याचाही नमुना आहे.

१४ मार्च

रेडिओ आज बोलला नाही. कागद माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

सगळ्यांचे आकडे वर गेलेत. एकूण एक पेशंटचा. फक्त त्याचा नाही. मागच्या वेळी थोडं तरी होतं, आता त्याच्या खळग्यात चढायला काही नव्हतंच. काच कोरी.

म्हणून हात स्थिर होते.

डॉक्टरांना फोन लावलाय, वाजतोय. समोरच्या काचेत मी दिसतेय. मानेवरचे केस एका रेषेत कापलेत, कुठं जरासुद्धा वाकडे नाहीत.