इन्शुरन्सच्या फाईलमधला सिनेमा

इंगोलश्टाट, शनिवार, १४ ऑक्टोबर २००६

शी! इन्शुरन्सच्या ओर्डनरमध्ये, त्या जाड फाईलमध्ये डीव्हीडी! मी आपली दातांच्या डॉक्टरचा कागद शोधत होते. जपानी सिनेमा, जर्मन सबटायटल्स, वर अठराचा लाल शिक्का. कव्हरवर पाठमोरी बाई, मान उघडी. म्हणजे शशिधर व्हिडिओटेकमधून भाड्याने हे आणतो! आणि लपवतो कुठे, तर बायको कधी हात घालत नाही त्या फाईलमध्ये.

मी नकोशी झालेय का त्याला? विचारलं नाही. ठेवली परत तशीच.

रविवार, १५

व्हिडिओटेक बंद, म्हणजे वस्तू आज घरातच. तो बॅडमिंटनला गेला आणि मी लावली. डोळ्यांवर हात ठेवूनच!

अगं बाई, हे तर आमचंच घर! नवरा-बायको समोरासमोर जेवतात. 'चहा?' 'हो.' संपलं बोलणं. ती इस्त्री करते, तो पेपर वाचतो. मग तिचं शेजाऱ्याशी जुळतं. कानशिलं तापली, पुढे ढकललं. (थोडं मागे आणून पाहिलंही. कोण वाचतंय!)

पण प्लेअर सुरू झाला होता तो शशिधरने थांबवलं होतं तिथून. तो शेजाऱ्याचा सीन नव्हताच. बायको कुशीवर झोपलीय, नवरा पायाशी बसलाय. तिच्या पावलापर्यंत हात नेतो, टेकवत नाही. ती डोळे मिटूनच पुटपुटते. खाली जर्मनमध्ये — उद्या 'म्युल' खाली ने. कचरा!

हसले, मग रडूच आलं. दोन वर्षांपूर्वी बाळ राहिलं नाही, तेव्हा मी म्हणाले होते, 'हात नको लावूस.' एकदाच! या शहाण्याने तेही फाईलला लावून ठेवलं. आणि मीही कधी बाहेर काढलं नाही.

सोमवार, १६

ऑफिसातून आला, गुपचूप ओर्डनर काढला. म्हटलं, 'परत करू नकोस, मलाही दाखव.' काय तो चेहरा! 'सुनेत्रा, अगं, ते तसं नाहीये —' म्हटलं, बस रे.

पावलाचा सीन आला. त्याने थांबवला. 'ती काय म्हणते गं? मला कुठे जर्मन येतं.' खरंच, ऑफिसात सगळं इंग्लिशच.

म्हटलं, 'म्हणते, ठेव ना हात. किती वाट बघायची?'

त्याने रिमोट खाली ठेवला. मग माझ्या पावलावर हात ठेवला. गार होता. राहू दिला.

मंगळवार, १७

सकाळी कचऱ्याची पिशवी उचलत म्हणाला, 'म्युल म्हणजे काय, एवढं जर्मन मला येतं हं.'

म्हणजे काल त्याला ठाऊक होतं — ते मीच म्हणत होते!